सात मात्रांचं रॉक

पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (1973) बोटांवर मोजून पाहा. सात मात्रांनी धून फिरून पहिलीवर येते. गिटारच्या सोलोला मात्र सरळ चार. आपला रूपकही सातचाच, तीन-दोन-दोन, आणि समेवरच खाली. म्हणून तबला शिकणाऱ्या मुलाला प्रोग्रेसिव्ह रॉक परका वाटायचं कारण नाही. 2009 च्या डिसेंबरात पोर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेलं, तेही याच घराण्यातलं.

मेटलवाले आणखी पुढे जातात. स्वीडनच्या मेशुगाकडे ड्रमरचा झांजेवरचा हात बहुधा चारचा हिशेब सोडत नाही. गिटार आणि पायातला बास ड्रम वेगळ्याच लांबीचं आवर्तन घेतात. समजा, ते 7 मात्रांचं आहे. दोघं एकत्र सुटले की सम थेट 28 मात्रांनी जुळते. तोवर तोच तुकडा दर फेरीला वेगळ्या मात्रेवरून उठतो. ती सम सापडली की तिहाई चोख पडल्याचा आनंद होतो, अगदी तोच!

कान हे शिकतो कसा? एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी 2005 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातले विषम ठेके ऐकवले. 6 महिन्यांच्या बाळांना ठेक्यातला बिघाड कळला, 12 महिन्यांच्यांना नाही. घरी काही दिवस ते संगीत ऐकवल्यावर त्यांनाही कळू लागला. मोठ्यांचा कान इतक्या लवकर वळत नाही. त्यांनी आधी पायाने चार धरावेत, मग हाताने सात मोजावेत.