मंडईचे छप्पर उंच का?

नाशिकला गोदाकाठी बुधवारचा बाजार उघड्यावर भरतो. सकाळी टवटवीत दिसणारी मेथीची जुडी उन्हे चढली की मान टाकते आणि विक्रेत्याला ती पडेल भावाने द्यावी लागते. असे का होते?

भाजी उपटली तरी काही काळ जिवंतच असते. तिच्या पेशींचे श्वसन चालू असते, पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून बाष्प बाहेर पडत असते. मुळे जमिनीतून सुटल्याने ही तूट मात्र भरून निघत नाही. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की श्वसनाचा वेग साधारणपणे दोन ते तीन पट होतो. पाणी गेल्याने वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले, की बहुतेक भाज्या विकण्याजोग्या राहत नाहीत.

म्हणून बाजाराला सावली हवी. पण बुटका पत्रा स्वतःच तापून खालच्या मालावर उष्णता फेकतो. छप्पर उंच असेल, तर गरम हवा हलकी होऊन वर जाते, वरच्या झरोक्यांतून निघून जाते आणि दारांतून ताजी हवा आत येते. चुलीच्या धुराड्याचेच हे तत्त्व. उंची जास्त, तितकी हवेची ओढ जास्त.

१८८६ साली उघडलेली पुण्याची मंडई या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा, भोवती उंच छपरांची दालने. गाळेवाले भाजीवर ओले गोणपाट टाकतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला लागू पडतो, मुंबईच्या दमट हवेत कमी.

पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते. पुढे मंडईला त्यांचेच नाव दिले गेले. या मंडईतूनही शिक्षण घडू शकते, ते असे.

मेथीच्या दोन सारख्या जुड्या घ्याव्यात. एक उन्हात, दुसरी सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवावी. सुरुवातीला दोन्ही तोलाव्यात. पुढे दर अर्ध्या तासाने, दुसरीवरचे फडके काढून व पाणी निथळू देऊन, दोन्हींचे वजन करावे, शेजारचे तापमान नोंदवावे आणि आलेख काढावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे: आपल्या गावच्या बाजाराला छप्पर घालायचे, तर ते कसे असावे?