मातीचा पंचनामा पुरापूर्वी हवा

२००५, २०१९ व २०२१ ह्या तिन्ही साली कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूरच्या शिवारांत काय अनर्थ केला, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पूर चढू लागला की शहरवासी आयर्विन पुलापाशी पाण्याचे फूट मोजतात, आणि तो ओसरला की धरणांच्या दारांवरून वाद माजतो. तो वाद अवश्य व्हावा. परंतु ह्या खटल्यात मातीची साक्ष कोणीच काढीत नाही, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

पूरपट्ट्यातील जमीन सर्वत्र एकजात आहे काय? मुळीच नाही. काठची मळी गाळाची व भुसभुशीत. पाणी उतरताच ती लवकर वाफशावर येते. तिच्या मागची खोल काळी जमीन चिकण. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तुंबते. मातीतली हवा गेली की मुळे गुदमरतात व नत्र वायुरूपाने उडून जाते. तेथे सोयाबीन, भुईमूग वा हळद टिकावी कशी? ऊस काही दिवस तग धरतो खरा. पण शेंडा बुडाला की तोही कुजतो. भात मात्र जात्याच पाण्यात वाढणारे पीक. पूर्वेकडील राज्यांसाठी २००९ साली प्रसृत झालेली स्वर्णा-सब१ ही जात तर सुमारे दोन आठवडे बुडूनही पुन्हा उभारी धरते. तिची परीक्षा आपल्या रानांतही व्हावी.

मग शेतकरी जिकडेतिकडे ऊसच का लावतो? कारण कारखाना ऊस घेतो व सोसायटी उसावर कर्ज देते. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, व्यवस्थेचा होय. त्याच उसाच्या अतिपाण्याने ह्या खोऱ्यातील कित्येक काळी राने क्षारपड झाली, हेही विसरता कामा नये.

आमची सूचना स्पष्ट आहे. पूररेषेच्या आतील प्रत्येक गावाचा मातीचा नकाशा व्हावा. कोठे पाणी किती दिवस राहते, निचरा कसा होतो, हे त्यात नमूद असावे. मळीत पूर सरल्यावर वांगी, हरभरा, शाळू घ्यावा. काळ्या रानांत चर व सच्छिद्र नळ घालून निचरा साधावा. आणि आमच्या व्यापारी बंधूंनी व पेढ्यांनी ह्या पिकांस उसाइतकेच कर्ज व बाजार द्यावा.

नुकसानीचा पंचनामा पुरानंतर होतो. मातीचा पंचनामा पुरापूर्वी झाला पाहिजे. भरपाई हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. परंतु केवळ भरपाईच्या भरवशावर त्यास पेरा करावा लागणे स्वराज्यास शोभत नाही.