समर्पणाच्या दिवशी गायचे कोणी?

नव्या चर्चच्या समर्पणाची तारीख ठरली, की मांडव आणि जेवणाबरोबर संगीताचाही विषय निघतो, आणि बहुधा ‘बँड कोणता सांगायचा’ इथेच येऊन संपतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात एखादी लूथरन मंडळी नवी वास्तू उभारत असेल, तर तिने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. आधी मंडळीला काय गाता येते ते पाहावे. गायनवृंद आणि वाद्ये त्यानंतर. यात काटकसरीचा हेतू नाही. 5 ऑक्टोबर 1544 रोजी टोर्गाऊच्या किल्ल्यातले नवे चर्च समर्पित करताना मार्टिन लूथरने सांगितले होते, की या वास्तूत प्रभूने आपल्या वचनातून आपल्याशी बोलावे आणि आपण प्रार्थनेने व स्तुतिगीतांनी त्याला उत्तर द्यावे, याखेरीज दुसरे काही घडू नये. हे उत्तर मंडळीनेच द्यायचे असते.

यावर जाणकार म्हणतील, की त्याच समर्पणासाठी योहान वाल्टरने 119व्या स्तोत्रावर सात आवाजांची लॅटिन रचना केली होती. ती काही सामान्य माणसाने गायची नव्हती. खरे आहे. पण लूथरच्या गीतांची पहिली पुस्तके 1524 मध्येच निघाली होती. म्हणजे वाल्टरच्या अवघड रचनेमागे लोकांच्या गाण्याची वीस वर्षे होती. गायनवृंदाला माझा विरोध नाही; मंडळी मुकी ठेवून त्याने गाऊ नये, एवढेच म्हणणे आहे. सगळे नवेकोरे हवे, हा हट्टही नको. 2 नोव्हेंबर 1723 रोजी लाइपझिगजवळच्या श्टोर्मटाल गावात नव्या चर्चचे आणि ऑर्गनचे समर्पण झाले, तेव्हा बाखने आपल्याच जुन्या दरबारी संगीतावर नवे धार्मिक शब्द बसवले होते.

आपल्याकडे खरा पेच भाषेचा आहे. या पट्ट्यात नगर-सोलापूरच्या मराठी कुटुंबांबरोबर तमिळ, तेलुगू आणि झारखंडची माणसेही कामाला आली आहेत, आणि लूथरन परंपरा महाराष्ट्रापेक्षा त्यांच्याच मुलखांत जास्त रुजली. तंजावरचे वेदनायगम शास्त्री (1774–1864) हे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे शिष्य. आपले सरफोजीराजे दुसरे त्यांचे सहाध्यायी. शास्त्रींनी ख्रिस्ती भक्ती कर्नाटक रागांत बांधली. मराठीत तेच काम 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगांतून केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. टाळ-मृदंगाने चर्चपण हरवेल ही भीती देहू-आळंदीच्या शेजारी तरी मला पटत नाही. शब्द ख्रिस्ताचे असले, तर अभंगाची चाल त्यांना परकी होत नाही. प्रत्येक भाषेला एकेक गाणे वाटून दिल्याने मात्र मेळ बसत नाही. उरलेले नुसते ऐकत बसतात. त्यापेक्षा एका गीताचे धृपद सर्वांनी मराठीत पाठ करावे आणि कडवी ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणावीत.

तालमीचे वेळापत्रकही इथल्या जगण्यावर बेतावे लागेल. बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि पाळ्या फिरत्या, त्यामुळे फक्त रविवारी तालीम ठेवली तर निम्मे आवाज हुकतात. गुरुवारी एक तालीम हवीच, आणि रात्रपाळीवाल्यांसाठी चाली फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवाव्यात. पेटीवाल्याने स्वतःच्या गळ्याची पट्टी न धरता बायका-पुरुष दोघांना झेपेल अशी मधली पट्टी धरावी. शेवटच्या दोन तालमी नव्या वास्तूतच घ्याव्यात. स्लॅब, फरशी आणि कोऱ्या भिंतींमुळे रिकाम्या दालनात आवाज घुमतो, ढोलकीची जलद लय एकात एक मिसळते आणि शब्द कळेनासे होतात. माणसे बसली की घुमारा बराच कमी होतो, म्हणून रिकाम्या दालनात ऐकून स्पीकरचा आवाज कायमचा ठरवू नये. गाणाऱ्या मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू येईल, इतपतच तो ठेवावा.