रेतीचं इंटिग्रेशन

नागपूरहून जबलपूर रोडनं निघालं आणि कामठी मागं टाकली की कन्हान नदीचा पूल लागतो. पलीकडे कन्हान गाव. बसच्या खिडकीतून रोज ही नदी बघत कॉलेजला जाणारे तुमच्यापैकी बरेच असतील. बॅगेत गणिताचं पुस्तक असतं आणि त्यात तो धडा : दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ. ‘याचा उपयोग काय?’ असं आपण सगळ्यांनीच कधीतरी विचारलेलं असतं. उत्तर या पुलाखालीच आहे.

कन्हान छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून येते आणि पुढं वैनगंगेला मिळते. नागपूरकरांना ती पाणी देते, बांधकामाला रेती देते. पात्रातली रेती पाणी धरून ठेवते, गाळतेही. पुरासोबत नवी रेती येते. पण येते त्यापेक्षा जास्त उपसली, तर पात्र खोल जातं, काठच्या विहिरी खालावतात, पुलाच्या खांबांभोवतीचा आधार कमी होतो. मग कळीचा प्रश्न उरतो : नेमकी किती रेती गेली?

समजा, या काठापासून त्या काठापर्यंत एक आडवी दोरी ताणली आणि ठरावीक अंतरावर दोरीपासून तळापर्यंतची खोली मोजली. हा झाला पहिला वक्र. काही महिन्यांनी, उपसा झाल्यावर, त्याच जागी पुन्हा मोजलं. हा दुसरा. दोघांमधलं क्षेत्रफळ म्हणजे त्या जागी गेलेल्या रेतीचा उभा काप.

आता गणित करू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. पट्टा ६० मीटर रुंद. काठापासूनचं अंतर क्ष. आधीची खोली क्ष(६० − क्ष) ÷ ६००, म्हणजे मधोमध दीड मीटर. नंतरची खोली क्ष(६० − क्ष) ÷ ३००, म्हणजे मधोमध तीन मीटर. नंतरच्यातून आधीची वजा करा आणि ० ते ६० इंटिग्रेशन करा. उत्तर येतं ६० चौरस मीटर. नदीच्या १०० मीटर लांबीत असाच काप धरला, तर ६,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे सुमारे २,१२० ब्रास. एका टिप्परात चार ब्रास धरले तरी ५३० खेपा!

पण नदी काही समीकरण घेऊन वाहत नाही. तिथं हाती फक्त मोजलेले आकडे असतात. दर १५ मीटरवर खोलीतला फरक घेतला, तर आपल्या उदाहरणात तो ०, १.१२५, १.५, १.१२५, ० येतो. समलंब नियमानं उत्तर ५६.२५, सिम्पसनच्या नियमानं बरोबर ६०. फरक किरकोळ वाटतो? १०० मीटर लांबीत तो १३० ब्रासच्या वर जातो. सिव्हिलवाल्यांनो, म्हणूनच तो नियम सिलॅबसमध्ये आहे.

आता परीक्षेतली नेहमीची चूक. वक्र एकमेकांना छेदत असतील, तर छेदनबिंदू काढून तुकडे पाडायचे. ते विसरलं तर मार्क जातात. नदीत काय होतं बघा. एका बाजूला २० चौरस मीटरचा खड्डा आणि दुसऱ्या बाजूला पुरानं टाकलेली २० चौरस मीटर रेती. सरळ इंटिग्रेशन केलं की उत्तर शून्य. रेतीच्या एकूण जमाखर्चाला हे शून्य बरोबरच आहे. पण ‘पात्र बदललंच नाही’ असा त्याचा अर्थ लावला, तर फसलो. खड्डा तिथंच असतो, आणि पाण्याखालचा खड्डा पोहायला उतरलेल्या पोराला वरून दिसत नाही. म्हणून दोन्ही उत्तरं लागतात : एकूण फरक किती, आणि कुठं किती.

ही नुसती पुस्तकी कल्पना नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२० च्या रेती उत्खननाबाबतच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची मोजणी करून, किती रेती भरून आली हे काढायला सांगितलं आहे. असा अहवाल कधी हाती आला, तर शेवटचा आकडा वाचून थांबू नका. दोन्ही वक्र मागा. ते कुठं छेदतात ते बघा. एवढं तर आपल्याला येतं.