यंत्र नवे, डिस्क जुनी



पावसाळ्यात वीज लखलखते आणि शाळेतला संगणक कायमचा बंद पडतो. मदरबोर्ड जळालेला असतो, पण आतली हार्ड डिस्क पुष्कळदा शाबूत असते. मग कुणीतरी सुचवतो, ‘डिस्क काढून दुसऱ्या संगणकात बसवा की!’ सूचना रास्त आहे. डिस्क बसते, बटण दाबले जाते, आणि काळ्या पडद्यावर चार इंग्रजी शब्द उमटून सगळे थांबते. ‘डिस्क गेली’ असे ठरवून मंडळी नवी प्रणाली भरायला घेतात. त्यात मुलांचे निकाल आणि दाखल्यांच्या नोंदी पुसल्या जातात. हे नुकसान बहुधा टाळता येते. ते कसे, एवढेच आज पाहू.

आपण धरून चालू, की डिस्कवर लिनक्स आहे. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने हिचा गाभा लिहिला. उबुंटू, डेबियन किंवा आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ या सगळ्या त्याच घरच्या. निरनिराळ्या यंत्रांशी जुळवून घेण्याची तयारी हिच्या गाभ्यातच पुष्कळशी असते. मग अडते कुठे?

बदलून आलेल्या शिक्षकाचे उदाहरण घ्या. त्याची विद्या त्याच्याबरोबर येते. पण नव्या शाळेत त्याचा वर्ग कोणता, किल्ली कुणाकडे, हे कुणीतरी दाखवावे लागते. डिस्कचे तसेच आहे. विद्या जागेवर आहे, वाट हरवली आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : गाडी नेमकी कोठे थांबली?

पडद्यावर ‘नो बूट डिव्हाइस’ असे काही आले, तर वाट दारातच चुकली आहे. वीज बंद करून केबल नीट बसवा. मग सेटिंगच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का पाहा. दिसत असेल, तर पुढचे कारण शोधा. जुने संगणक ‘बायोस’ पद्धतीने सुरू होतात, नवे ‘यूईएफआय’ पद्धतीने. डिस्क ज्या पद्धतीने तयार झाली, तीच पद्धत येथे निवडावी लागते. काही नव्या यंत्रांत जुनी पद्धत उरलेलीच नाही, हेही ध्यानात असू द्या. शिवाय यूईएफआयमध्ये सुरुवातीच्या फाइलचा पत्ता डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेला असतो. मदरबोर्ड गेला, की पत्ताही गेला! तो नव्याने नोंदवावा लागतो. ‘सिक्युअर बूट’ आडवे येत असेल, तर ते बंद करून पाहावे. मात्र काहीही बदलण्यापूर्वी मूळ स्थिती कागदावर लिहून ठेवा.

‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द दिसले, तर दार उघडले आहे. पण वाट दाखवणाऱ्या ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत. जुन्या संगणकात दुसरीही डिस्क होती का, हे आठवा. कदाचित त्या फाइली तिच्यावर राहिल्या असतील.

कधी प्रणाली सुरू होते, दीड मिनिट कशाची तरी वाट पाहते आणि ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाते. येथे ‘एफएसटॅब’ ही यादी तपासावी. कोणता भाग कोठे जोडायचा, हे तिच्यात लिहिलेले असते. जुन्या यंत्रात राहिलेल्या डिस्कची ओळ तिच्यात असेल, तर ती न आलेल्या पाहुण्याची वाट पाहणारच. तसेच ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे बाकावर बसण्याच्या क्रमासारखी आहेत. बाक बदलला की नंबर बदलतो. ‘यूयूआयडी’ हे मात्र मुलाचे स्वतःचे नाव. यादीत तेच लिहावे.

नुसताच काळा पडदा राहिला, तर दोष बहुधा चित्र दाखवणाऱ्या भागाचा असतो. ग्रबच्या यादीत त्या वेळेपुरता ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून पाहा. यादीत ‘रिकव्हरी’ किंवा ‘रेस्क्यू’ अशी ओळ असेल, तर तीही निवडून पाहण्यासारखी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुरुस्तीला हात घालण्याआधी लिनक्सचा ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावर सुरू करा. डिस्क उघडा, नोंदी दिसतात का पाहा, आणि प्रथम त्यांची प्रत दुसरीकडे उतरवा. नंतरच ग्रब पुन्हा बसवा. उबुंटूच्या कुळासाठी ‘बूट-रिपेअर’ नावाचे साधन त्या कामाला उपयोगी पडते. लाइव्ह पडद्यावर ‘इन्स्टॉल’ हे चित्रही समोरच असते. त्याला घाईने हात लावू नका. आणि डिस्क कोणत्याही पडद्यावर दिसतच नसेल, किंवा खडखड आवाज करीत असेल, तर दोष वाटेचा नाही. अशा वेळी ती लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, सुरू न झालेली डिस्क म्हणजे मेलेली डिस्क नव्हे. आधी प्रत, मग तपास, आणि शेवटी दुरुस्ती. हा क्रम संगणकाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा.