मावळा मावेल एवढं दार

दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा नेहमी दरवाजाहून उंच असतो आणि तोफ त्याच्या तळहातात मावते. किल्ल्याला ते खपतं. टेबलावर फासे टाकून लढाई खेळणाऱ्याला नाही खपत. शिपाई त्या दारातून आत शिरतो का, भिंतीआड झाकला जातो का, यावरच त्याचा डाव ठरतो. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स'मध्ये या खेळाचे नियम लिहिले, तेव्हा त्याची घरं लाकडी ठोकळ्यांची होती. आताचे खेळाडू एवढ्यावर ऐकत नाहीत.

समजा, चाकणचा संग्रामदुर्ग करायचाय. १६६० मध्ये शाहिस्तेखानाचा वेढा, फिरंगोजी नरसाळ्यांची पन्नासहून जास्त दिवसांची झुंज, शेवटी सुरुंगाने उडालेला बुरूज. त्यात भुईकोट, म्हणजे डोंगर रचायची कटकट नाही.

या खेळातला शिपाई बहुधा २८ मिलिमीटरचा, प्रमाण साधारण १:५६. तयार दारं-खिडक्या मिळतात त्या बहुतेक मॉडेल रेल्वेच्या, आणि तिथलं लाडकं प्रमाण १:८७. पुण्यात कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात दिसतं तेच. साडेसहा फुटी दार त्यात जेमतेम २३ मिलिमीटर भरतं. आपला शिपाई कपाळ आपटून घेणार. १:४८ चं चालतं, जरा ऐसपैस दिसतं इतकंच. पण परदेशातून मागवलं, तर दारापेक्षा कुरिअर महाग.

त्यापेक्षा पुण्याजवळच्या भोसरीत चक्कर मारावी. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे सनबोर्डच्या कातरणी पडलेल्या असतात. पाच मिलिमीटरची पट्टी म्हणजे जवळजवळ फूटभर जाडीची भिंत. तटासाठी चार-पाच थर चिकटवायचे. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा मोह मात्र टाळावा. अलीकडच्या काळातली घरं करताना सगळे त्याचं पत्र्याचं छप्पर करतात. त्याची एक नाली सहा मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या पत्र्याला फूटभराहून रुंद लाट! तिथे दीड मिलिमीटरही पुष्कळ झालं.

दरवाजासाठी लेझर कटिंगवाला गाठायचा. शेकड्यांनी पार्ट कापणारा तो माणूस "एकच पीस?" म्हणून आपल्याकडे बघतो. ड्रॉइंग मापात काढून नेलं, तर मोठ्या कामातून उरलेल्या तीन मिलिमीटर एमडीएफच्या कोपऱ्यात तो आपलं दार बसवून देतो. साडेअकरा फुटांचा दरवाजा ६३ मिलिमीटरचा होतो. त्यावर ओळीने टाचण्यांची डोकी चिकटवायची. दीड मिलिमीटरचं डोकं म्हणजे हत्तीला मागे सारणारा तीन इंची खिळा. साखळी खोट्या दागिन्यांच्या दुकानातली.

आणि ते चुकून घेतलेलं १:८७ चं दार? फेकू नका. मोठ्या दरवाजात दिंडी म्हणून बसवा. दिंडीतून वाकूनच जायचं असतं.