आठ आठवडे सरळ बोट

झेल सुटतो, चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, खेळाडू हात झटकत पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहतो. रात्री ताटावर बसल्यावर लक्षात येतं, की नखाचं पेर खाली झुकलंय. दुसऱ्या हातानं उचललं तर सरळ होतं, सोडलं की पडतं. डॉक्टर याला ‘मॅलेट फिंगर’ म्हणतात. क्रिकेट आणि व्हॉलीबॉल ही नेहमीची कारणं. पण गादीखाली चादर खोचतानाही हे होतं, आणि चादरीनं बोट मोडलं हे घरात कुणाला पटत नाही.

बोटं सरळ करणारे मुख्य स्नायू असतात कोपर ते मनगट या भागात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, हाताच्या पाठीवरून बोटांत उतरतात. नखाजवळच्या सांध्यापाशी ही कंडरा अगदी पातळ, चपटी होते. ताठ बोट टोकाकडून जोरात मुडपलं, की ती तिथेच तुटते किंवा हाडाचा कपचा घेऊन सुटते.

गंमत अशी, की दुखणं बऱ्याचदा बेताचंच असतं. मग तेल चोळणं, ओळखीच्या कुणाकडून बोट ओढून घेणं सुरू होतं. ओढून तुटलेली कंडरा जुळत नाही. आधी अंगठी काढावी, बर्फ कापडात गुंडाळून लावावा आणि एक्स-रे काढून घ्यावा. कपचा मोठा असेल किंवा सांधा सरकला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

बहुतेकांना मात्र एक छोटी स्प्लिंट पुरते. ती फक्त शेवटचा सांधा सरळ धरते. मधला सांधा मोकळा ठेवून हलवत राहायचा. सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र. खरी परीक्षा आंघोळीनंतर. आतली कातडी ओली राहिली तर पांढरी पडून सोलवटते, म्हणून स्प्लिंट काढावीच लागते. तेव्हा बोट टेबलावर सपाट टेकवायचं, स्प्लिंट पुढे सरकवून काढायची, बोट न उचलता पुसायचं, तसंच टेकवून पुन्हा चढवायची. पेर एकदा जरी खाली पडलं, तरी नव्यानं जुळू लागलेली कंडरा ताणली जाते आणि मोजणी पहिल्या दिवसापासून. इतका स्वस्त आणि इतका हट्टी उपचार दुसरा क्वचितच असेल. मुदत संपल्यावरही काही आठवडे रात्री स्प्लिंट घालतात. उपचार टाळले, तर पुढे मधला सांधा उलटा वाकून बोट हंसाच्या मानेसारखं दिसू लागण्याची शक्यता असते.

थोडं उशिरा आलेल्यांनाही स्प्लिंटचा उपयोग होतो. उलट प्रकार मात्र थांबू देत नाही. कबड्डीत चढाईवाल्याचे कपडे मुठीत धरले आणि तो निसटला, तर तळव्याच्या बाजूची कंडरा तुटू शकते. मग टोकाचं पेर वाकतच नाही. तिथे स्प्लिंट चालत नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि तीही शक्यतो आठवडा-दहा दिवसांत. तुटलेलं टोक तळव्याकडे आखडत जातं, आणि जितका उशीर, तितकं ते ओढून जागेवर आणणं कठीण.